छत्तीस डब्यांवरची सही

"खोक्यावर चाळीस अंश लिहिलंय. हे चाळीस कुणाच्या गावचं?"

वैशाखातल्या भर दुपारी, जळगावला आमच्या दुकानाच्या गच्चीवर उभं राहून आबा मला हा प्रश्न विचारत होते. डोक्याला ओला पंचा, पायात चपला नाहीत, आणि समोर एका फळीवर चार काळ्या डब्या. त्या डब्यांच्या खोक्यावर कंपनीने छापलं होतं, की चाळीस अंशांपर्यंत हे यंत्र व्यवस्थित चालेल. आबांचं म्हणणं, ज्याने हे छापलं तो जळगावला कधी आलेला नाही. म्हणून ते फळी गच्चीवर घेऊन जात आणि डब्यांना आमच्या गावचं ऊन दाखवत. मी खाली दुकानात पंख्याखाली बसून ग्राहकाला फोनवर सांगत असे, "साहेब, माल टेस्टिंगला आहे." हे वाक्य ऐकायला फार भारदस्त वाटायचं.

त्या डबीबद्दल आधी सांगून टाकतो. आमचा धंदा कॅमेरे आणि इंटरनेटच्या जोडण्यांचा. कॅमेरा खांबावर असतो, वायफायचा डबा छताला असतो. तिथे विजेचा वेगळा पॉइंट कोण काढून देणार? म्हणून ज्या केबलमधून चित्र आणि माहिती जाते, तिच्यातूनच वीजही पाठवतात. ती वीज केबलमध्ये घालणारी ही तळहाताएवढी डबी. धंद्यात तिला पीओई म्हणतात. आबा डबीच म्हणत. बोलणं आणि जेवण एका ताटात वाढणारी डबी.

आबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी एक्स्चेंजच्या बॅटरीच्या खोलीत गेली. मी त्यांना पहिल्यांदा ही डबी दाखवली तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "आबा, नवं तंत्रज्ञान आहे. एकाच वायरमधून दोन्ही." त्यांनी डबी उलटीपालटी करून पाहिली, अठ्ठेचाळीस व्होल्ट हा आकडा वाचला आणि इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"भाऊ, गावाची लाइट जायची तरी फोन चालायचा. कसा? आम्ही एक्स्चेंजमधून त्याच तारेत अठ्ठेचाळीस सोडायचो. हे नवं कधीपासून झालं?"

त्यानंतर जवळजवळ सात वर्षं ते माझ्याकडे होते. नोकरीला म्हणवत नाही. मी मालक, पण दुकानात शब्द त्यांचाच चालायचा. मला ते 'भाऊ' म्हणत, रागावले की 'शेठ'. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा. शेठ म्हटलं की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

त्यांचा जन्म शिंदखेड्याकडचा, घर जळगावात मेहरूणला. ऑफिसात, ग्राहकासमोर ते आपल्यासारखंच बोलत. चिडले, किंवा फार आतलं काही बोलायचं झालं, की अहिराणी. जेवणाच्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. डबा उघडण्याआधी झाकणावर हाताची मागची बाजू टेकवून पाहायचे, आणि चालू पीओईवरही तशीच टेकवायचे. तळहाताला निबर कातडं असतं, त्याला कळत नाही, असं ते सांगत. कुणाच्याही घरी गेले की आधी मान वर करून खांब, छत, वायर बघणार, मग यजमानाकडे. कित्येक बायकांना वाटायचं की म्हातारा घरातली जळमटं बघतोय. एकीने तर आम्ही पुन्हा जाण्याआधी सगळं घर झाडून ठेवलं होतं.

डब्यांमध्ये त्यांनी दोन जाती पाडल्या होत्या, विचारणाऱ्या आणि न विचारणाऱ्या. चांगली डबी आधी अगदी थोडी वीज पाठवून पाहते, की पलीकडचं यंत्र घेणारं आहे का. तिकडून बरोबर उत्तर आलं तरच पूर्ण वीज सोडते. स्वस्तातली डबी काही बघत नाही, सरळ ढकलते. पलीकडे भलतंच यंत्र असलं तर ते गेलं. या गोष्टीवर आबांचं प्रेम होतं, दुसरा शब्द नाही. गिऱ्हाईक मिळालं की ते तासभर समजावून सांगत, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे केविलवाणं बघत बसे.

दोंडाईच्याला एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडे कॅमेरे बसवायचे होते. त्याने आमच्याकडची डबी न घेता ऑनलाइन कुठूनतरी मागवून ठेवली होती. आबांनी ती मीटरला लावली आणि खाली ठेवली.

"हाई इचारतच नही," ते म्हणाले. "मी जोडणार नाही."

व्यापारी आधीच वैतागलेला. "ओ आबा, वीज कधी इचारीसन येस का?"

"येवाले पाहिजे," आबा म्हणाले, आणि मिरचीच्या पोत्यावर बसले. बसले ते उठेचनात. शिंका येतायत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण म्हातारा पोत्यावर. मी दारात उभा राहून दोघांना विनवण्या करून थकलो. शेवटी व्यापाऱ्याच्या आईने चहा पाठवला आणि आतून ओरडून मुलाला सांगितलं, की ज्याला कळतं त्याचं ऐक. आमच्या डब्या लागल्या. तो व्यापारी पुढे आमचं नाव दहा जणांना सांगत फिरला, म्हणजे आबांचं नाव. दुकानाचं नाव त्याला आजही आठवत नसेल.

आता सहीबद्दल. आबांनी एक लाकडी फळी केली होती. तिच्यावर चार डब्या बसत. प्रत्येक डबीला शंभर मीटर केबलचं वेटोळं आणि त्याच्या टोकाला भार म्हणून तारेची गुंडाळी. लांबच्या केबलमध्ये वीज कमी होत जाते, म्हणून शंभर मीटर. चोवीस तास डबी या भाराखाली चालायची. सुरुवातीला मोजमाप, शेवटी मोजमाप, मध्ये मध्ये हाताची मागची बाजू. पास झाली की पांढऱ्या रंगाच्या पेनाने डबीच्या पोटावर सही: आद्याक्षर आणि त्याखाली एक लांब रेघ. त्यांचा हात किंचित कापायचा, त्यामुळे रेघेच्या मध्यावर दर वेळी एक बारीक खाच पडायची.

ही सही हळूहळू आमच्या जिल्ह्यात चालू लागली. धुळ्यापासून रावेरपर्यंत लोक डबी उलटी करून बघायचे. "आबांची सही आहे ना?" एवढंच विचारायचे. मला गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडी असूयाही. डिप्लोमा माझा, दुकान माझं, आणि विश्वास कुणावर, तर रोज कळण्याची भाकरी खाणाऱ्या एका निवृत्त माणसाच्या खाचेवर. आबांना मात्र त्याचा गर्व नव्हता, धाक होता. एकदा सही करताना म्हणाले होते, "मी तिथे नसतो ना भाऊ, तेव्हा ही असते."

धुळ्याच्या एका शाळेचं काम आलं. छप्पन्न कॅमेरे, छप्पन्न डब्या. शाळा परीक्षेचं केंद्र होती आणि परीक्षेआधी सगळे कॅमेरे चालू हवे होते. माल उशिरा आला. हातात पाच दिवस. फळीवर दिवसाला चार, म्हणजे पाच दिवसांत वीस. छत्तीस उरत होत्या.

मी म्हटलं, "आबा, उरलेल्या तासभर लावून बघू आणि देऊन टाकू."

"द्या की," ते शांतपणे म्हणाले. "मी कुठे नाही म्हणतो? नव्या डब्या आहेत, बहुतेक चालतील. फक्त त्यांच्यावर माझी सही नको. परीक्षा संपली की मी जातो आणि छत्तीस काढून तपासतो."

किती सोपा मार्ग होता! पण शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी काम ठरवतानाच सांगितलं होतं, की आबांची सही असलेल्याच डब्या हव्यात. त्यांच्या भावाकडे आमचं काम झालं होतं, तिथे त्यांनी ऐकलेलं. बाईंना फोन करून खरं सांगितलं असतं तर त्या समजल्याही असत्या. मला तो फोन जड झाला. काम हातचं जाईल, असं वाटलं. आबा पहिल्या वीस डब्या घेऊन धुळ्याला गेले, आणि त्या दुपारी मी दुकानात बसून छत्तीस सह्या केल्या.

सात वर्षं शेजारी बसलो होतो. अक्षर येत होतं, रेघ येत होती. खाचसुद्धा आली. पहिल्या दोन-तीन डब्यांवर मुद्दाम काढावी लागली, नंतर हात आपोआप तिथे अडखळू लागला. काम संपल्यावर मी छत्तीस डब्या ओळीत मांडून पाहिल्या आणि मला, लाज वाटते लिहायला, स्वतःचं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी आबांना दुसऱ्या कामासाठी जळगावला बोलावून घेतलं आणि या डब्या दुसऱ्या माणसांच्या हातून बसवल्या.

परीक्षा पार पडली. एकही कॅमेरा बंद पडला नाही. आबा विचारायचे, "जाऊ का धुळ्याला?" मी म्हणायचो, अजून पेपर तपासणी चाललीय, अजून बाई रजेवर आहेत. वाटलं होतं, विसरतील. शेवटी एक दिवस मला न सांगताच त्यांनी फळी गोणपाटात गुंडाळली आणि सकाळच्या एसटीने निघून गेले.

संध्याकाळी परत आले तेव्हा दुकानात मी एकटाच होतो. गोणपाट त्यांनी उघडलंही नव्हतं. पाणी दिलं तर घेतलं नाही. समोरच्या स्टुलावर बसले.

"छप्पन्नच्या छप्पन्नवर माझी सही शे," ते म्हणाले.

मी हातातला पेला टेबलावर ठेवला.

"तू करी?"

"हो आबा."

"कोणत्या छत्तीस?"

मी छताकडे बघितलं. मला तरी कुठे माहीत होतं! मिसळून गेल्या होत्या त्या.

"मी बठ्ठ्या छप्पन्न पाह्यात," आबा म्हणाले. "शिडीवर चढीसन एक-एक. मनी कोणती आणि तुनी कोणती, माले वळखू नही ऊनी."

मी घाईघाईने म्हणालो, की आबा, एकही जळली नाही, सगळं नीट चाललंय, कुणाचं काही नुकसान झालं नाही.

"जळती तं बरं व्हतं," ते म्हणाले. "कोणती ते तरी समजतं."

ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. माझा स्वभाव तसाच आहे. पण ते ओरडले नाहीत, शेठसुद्धा म्हणाले नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी विचारलं, "आखो कोठे? आणखी कुठे केलं असं?"

"कुठेच नाही आबा. फक्त इथेच."

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला. एकदा सरळ विचारलं आणि सरळ उत्तर मिळालं, एवढं त्यांना पुरत होतं.

सावद्याला मी आठ केल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी, केळी पिकवण्याच्या खोल्यांचं काम होतं. आत किती ऊब, किती गारवा हे दाखवणारी यंत्रं आणि कॅमेरे, सगळं या डब्यांवर. आबा तापाने घरी पडलेले, व्यापारी रोज दोनदा फोन करत होता. सहीची सवय मला तिथेच लागली. धुळ्याच्या छत्तीस इतक्या सफाईने जमल्या, त्या या आठांमुळे. हे मी त्यांना तेव्हा का सांगितलं नाही, याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच प्रकारे देऊन पाहिलंय. ते दमले होते, म्हणून. अजून किती दुखवायचं, म्हणून. खरं उत्तर एवढंच, की त्या वेळी त्यांच्या नजरेतून मी आधीच खूप खाली आलो होतो आणि आणखी खाली जायची माझी तयारी नव्हती. सांगितलं असतं तर काय झालं असतं? आबांनी दोन दिवस सावद्यात काढले असते, इतकंच.

मे महिन्यात पंधरा दिवस ते धुळ्याला जात राहिले. रोज एसटी, रोज चार डब्या. शाळेला सुट्टी होती. मी गाडी देऊ केली, नको म्हणाले. मी बरोबर येतो म्हटलं, नको म्हणाले. शिडी धरायलाही मला नेलं नाही, शाळेचा शिपाई धरायचा. छप्पन्नच्या छप्पन्न डब्या त्यांनी खाली काढल्या, फळीवर लावल्या, तपासल्या आणि परत चढवल्या. सगळ्या पास. थिनरच्या बोळ्याने त्यांनी प्रत्येकीच्या पोटावरची सही पुसून टाकली. वीस तर त्यांच्याच होत्या, पण वेगळ्या कशा करणार? पुन्हा सही एकीवरही केली नाही.

जूनमध्ये मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमचे आबा म्हणजे फार मोठा माणूस हो. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'बाई, मी घाईत न तपासता सह्या केल्या होत्या, माझी चूक झाली.' या वयात कोण कबूल करतं असं?" त्या पुढेही काहीतरी बोलत होत्या. आबांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी खोटी सही केली ती त्यांची होती आणि खोटा कबुलीजबाबही त्यांनीच दिला, आणि मी बाईंना "हो, आहेतच ते तसे" असं म्हणून फोन ठेवला. एवढ्यावरही मी बाईंना खरं सांगू शकलो असतो. नाही सांगितलं.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. भांडण नाही, निरोप नाही. पगार पाठवला तो घेतला, पुढच्या महिन्याचा परत पाठवला. मी मेहरूणच्या तलावापर्यंत किती वेळा गेलो असेन! त्यांचं घर तिथून पाच मिनिटांवर. तलावाच्या कडेने फिरून परत यायचो. एकदा ते समोरूनच फिरायला आले, हातात काठी होती.

"धंदा कसा चाली राहिना?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे आबा. तुम्ही या ना परत."

"आता हात फार कापतो," ते हसून म्हणाले. मग एक्स्चेंजच्या गोष्टी सांगितल्या, बॅटरीत घालायच्या पाण्याच्या. आम्ही अर्धी फेरी बरोबर चाललो. सावद्याचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना इतकं मोकळं बोलताना बघून मला ते मोडवेना, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

सावद्याला मी मध्यंतरी एकदा गेलोही. नव्या आठ डब्या घेऊन, जुन्या बदलून टाकायच्या म्हणून. व्यापाऱ्याने एक जुनी डबी उलटी करून पाहिली आणि मला वेड्यात काढलं.

"अहो, आबाची सही हाये हिच्यावर. कायले बदलता? ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, जुन्या झाल्यात. तो म्हणाला, चालू तर आहेत. मी नव्या डब्या पिशवीत घातल्या आणि केळीचा एक घड घेऊन घरी आलो. घड त्याने आबांसाठी दिला होता. तोही मी त्यांच्याकडे पोचवला नाही, घरीच खाल्ला.

गेल्या थंडीत आबा गेले. मला दुसऱ्या दिवशी कळलं. नंतर मी मेहरूणला गेलो, त्या घराचा उंबरा इतक्या दिवसांनी ओलांडला. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, जवळ बसवून घेतलं, मुलाला चहा टाकायला सांगितलं. मला वाटलं होतं, त्या माझ्याशी बोलणार नाहीत. निदान तेवढं तरी व्हायला हवं होतं.

"तुमनं नाव नेहमी काढेत," काकू म्हणाल्या.

मला वर बघवेना.

"माले बठ्ठं सांगेल व्हतं त्यासनी, सहीनं. मी भलती चिडनू तुमनावर. मी म्हनं, असा मानूसनं नाव कसाले काढतस? तर म्हनेत, नही, पोऱ्यानी सही खोटी करी, पन इचारं तव्हय खोटं नही बोलना. तेवढं बरं शे, म्हनेत." त्या माझ्याकडे बघत होत्या. "खरं ना भाऊ?"

मुलाने चहा आणून माझ्यासमोर ठेवला.

मी म्हटलं, "हो काकू."